मंगळवारची आंघोळ

मच्छिंद्र दूधवाल्याने माप पातेल्यात रिकामं केलं, ओट्यावर कुणी नाही ना ते बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "भालू, फक्त तुला सांगतोय. वाघजाळीचे सोपानआबा गेले."

"कुठे?" मी विचारलं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि तेवढ्या लवकर माझं डोकं सुरू होत नसे.

मच्छिंद्रने नुसतं वर बघितलं. मीही वर बघितलं. वर आमचा पत्रा होता. मग उजाडलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? या डोळ्यांनी बघितलं ना, आत्ता येता येता. दारात पाट टाकलेला. आबांना त्याच्यावर बसवलेलं, दोघांनी दोन्हीकडून धरलेलं. मान अशी." त्याने हनुवटी छातीला टेकवून दाखवली. "आणि गरम पाणी तांब्या-तांब्याने डोक्यावरून घालत होते."

"म्हणजे आंघोळ घालत होते."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."



सोपानआबा म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सख्खे चुलते. ते शुक्रवारी आंघोळ करत. फक्त शुक्रवारी. वाघजाळीचा बाजार शुक्रवारचा. लहानपणापासून बाजाराला जाताना जी आंघोळ व्हायची तीच पुढे ऐंशी वर्षांपर्यंत चालू राहिली. इतर सहा दिवशी त्यांच्या अंगावर पाणी पडलं असेल तर ते पावसाचं. रोजची आंघोळ हे गावात नळ आल्यापासूनचं खूळ आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते न विचारता देत. अशा माणसाला कुणी मंगळवारी, दारात, गरम पाण्याने, दोघांनी धरून आंघोळ घालत असेल, तर आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होतो. पुढे फक्त तिरडी बांधायची राहते.

"रडारड होती?" मी तरी विचारून बघितलं.

"सुरू व्हायची असेल. मी थांबलो नाही बाबा. थांबलो असतो तर मलापण आंघोळ आली असती, आणि लॉजवर तुमच्या व्याह्यांना दूध द्यायचंय. परवा लग्न तुमच्याकडे. घरात कुणाला बोलू नको."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"मनावर ओझं झालं होतं," मच्छिंद्र म्हणाला. त्याने मोटारसायकलला किक मारली आणि हलका होऊन निघून गेला.

मी पातेलं घेऊन तिथेच उभा राहिलो. आबांचा एक वास होता. तंबाखू, शेण आणि उन्हात तापलेली घोंगडी. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेत जायचो तेव्हा तो वास इतका जवळ असायचा की मला वाटायचं, म्हातारे लोक असेच बनवतात. आता तो वास धुऊन टाकत होते. मला रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता.

कारण परवा सारिकाताईचं लग्न होतं, आणि ते तिसऱ्यांदा होतं.

म्हणजे नवरा तोच, मुहूर्त तिसरा. पहिल्या वेळी लग्नाला आठ दिवस असताना मंठ्याचे चुलतकाका वारले. दुसऱ्या वेळी चार दिवस असताना सत्त्याण्णव वर्षांची चुलतआजी गेली. तिला सत्त्याण्णव वर्षं कसलीच घाई नव्हती. आमच्या भावकीतले लोक पत्रिका छापून येण्याची वाट बघतात, असं ताई म्हणायची. आधी हसत म्हणायची, मग न हसता. नवरा मुलगा रणजित जहाजावर नोकरीला. त्याची सुट्टी दहा दिवसांत संपत होती, पुढे नऊ महिने समुद्र. आणि रणजितची आई, मगदूम मावशी, दुसऱ्यांदा सुतक कळवल्यावर फोनवर अण्णांना म्हणाल्या होत्या, "आता परत पुढं ढकलायचं असलं तर कळवूच नका. आम्ही काय ते समजून घेऊ."

अण्णा गणिताचे शिक्षक. 'समजून घेऊ'चं उत्तर त्यांनी तीन वेळा काढलं, तिन्ही वेळा तेच आलं. लग्न मोडलं.

ताई त्या रात्री जेवली नव्हती. मला म्हणाली होती, "भालू, रणजित नाही तर कुणी नाही. सांगून ठेवते."

आता मी हिशोब केला. सुतकाचा कायदा आमच्या घरात आत्याकडे होता. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लग्नासाठी आठ दिवस आधीच येऊन राहिलेली. तिने मागच्या दोन्ही मयतांच्या वेळी निकाल दिला होता: ज्याला कळलं त्याला सुतक, ज्याला कळलंच नाही त्याला नाही. म्हणजे आत्ता आमच्या धारखेडात सुतक फक्त मला होतं. मी तोंड बंद ठेवलं तर परवा दुपारी बारा पस्तीसला ताईचं लग्न लागणार होतं. वाघजाळीहून कुणी फोन केला नव्हता, याचा अर्थ तिकडच्यांनीही लग्नासाठी मन मोठं करून कळवायचं टाळलं होतं. त्या लोकांबद्दल मला भरून आलं. आपण फोन करून खात्री करावी असं मनात आलं, पण खात्री झाली असती तर मग कळलंच असतं. फोन केला नाही.

राहता राहिली आंघोळ.

आत्याच्या कायद्यात दुसरं कलम होतं. मयताचं कानावर पडलं की अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून आंघोळ. ती चुकली तर गेलेल्या माणसाचा जीव घुटमळतो. माझा यावर विश्वास नव्हता. पण आबांचा जीव आमच्याच ओट्यावर घुटमळत बसला आणि मला तो न विचारता मतं देत राहिला तर, हाही प्रश्न होता.

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली असती. धारखेडात नळाला अकरा दिवसांनी पाणी येत असे. पूर्वी रोज, मग दिवसाआड, मग चार दिवसांनी असं करत करत आम्ही अकरावर आलो होतो आणि आमच्या आंघोळीही त्यामागून गेल्या होत्या. न्हाणीघराच्या दारावर अण्णांनी वेळापत्रक चिकटवलेलं होतं. माणशी चौथ्या दिवशी एक आंघोळ, अर्धी बादली. मधले दिवस हातपाय आणि तोंड. माझी पाळी परवाची, थेट लग्नाच्या सकाळची. बिनपाळीची आंघोळ आमच्या घरात लपत नसे. न्हाणीघरात पाणी वाजलं की चारही खोल्यांतून "कोण आहे?" असा आवाज येई.

मगदूम मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या कृष्णाकाठच्या. मुलगी बघायला आल्या तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी ताईला विचारलं होतं, "रोज आंघोळ करतीस ना बाळ?"

"दोनदा," ताई म्हणाली होती.

मी तिच्याकडे बघितलं होतं. अण्णांनी कॅलेंडरकडे बघितलं होतं. साखरपुड्यात मात्र मावशींची गाठ सोपानआबांशी पडली. आबा त्यांना म्हणाले, "रोज दोनदा? एवढं लागतं तरी काय तुमच्या अंगाला?" त्यावरून दोघं तासभर भांडले. जेवणाची पंगत उठली तरी भांडत होते. जाताना मावशी म्हणाल्या, "लग्नाला येताना आंघोळ करून या, नाहीतर मी दारातनं परत पाठवीन." आबा म्हणाले, "लग्न शुक्रवारी ठेवा."

लग्न गुरुवारी होतं.

तर पाणी. घरातली चारही पिंपं संपत आली होती, नळ शनिवारी येणार होता. लग्नाच्या हॉलवर टँकर ठरलेला, पण तो गुरुवारी सकाळी. हातातलं एकच पाणी म्हणजे परसातलं शंभर लिटरचं निळं पिंप. ते ताईच्या हळदीचं. बुधवारी चार वाजता मुलाकडचे उष्टी हळद घेऊन येणार, ताईला ती लागणार, आणि मग तिला त्या पाण्याने मांडवात न्हाऊ घालणार. अण्णांनी पिंपाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून वर खडूने लिहिलं होतं: हात लावू नये.

आमची बादली अठरा लिटरची. शंभरातून अठरा गेले तर राहतात ब्याऐंशी. ब्याऐंशी लिटरमध्ये नवरी निघते. एवढं गणित मला येत होतं.

नऊ वाजता आई आणि आत्या पापड बघायला वर गेल्या, अण्णा हॉलवर गेले, ताई मेंदीवालीशी फोनवर बोलत बसली. मी फडकं सोडलं, बादली भरली, फडकं पुन्हा तसंच बांधलं आणि न्हाणीत शिरलो. जीन्स आणि शर्टासकट. आवाज होऊ नये म्हणून तांब्या डोक्याला टेकवूनच ओतला, म्हणजे पाणी पडत नाही, उतरतं. "आबा," मी मनात म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं." तेव्हा मात्र मी रडलो. भिजलेल्या माणसाला रडायची फार सोय असते.

एप्रिल महिना होता, हेही बरं होतं. एप्रिलमध्ये धारखेडात ओला माणूस दिसला तर घाम समजतात.

जीन्स मी गच्चीत टाकीच्या मागे वाळत घातली. बारा वाजता ती उलटवायला गेलो तर शेजारी आईची साडी वाळत होती. पदरापासून निऱ्यांपर्यंत ओली.

"आमटी सांडली," मी विचारण्याआधीच आई म्हणाली. "तू काय करतोयस इथे?"

"ऊन बघायला आलो होतो."

"आहे का?"

"आहे."

आई खाली गेली. तिचे डोळे लाल होते. लग्नघर आहे, लेक जाणार, मी मनात म्हटलं.

दुपारी अण्णा हॉलवरून परतले आणि परसातून घरात शिरले. त्यांच्या टकलाच्या कडेचे केस चप्प बसलेले, बनियन अंगाला चिकटलेलं. "काय उकडतंय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आत्याही माजघरात केस पुसत होती. "घाम," ती म्हणाली. तिच्या केसांतून थेंब पडत होते. आत्याला घाम फार येतो, असं मी मनात टिपून ठेवलं. आता तुम्ही म्हणाल, हा मुलगा इतका मठ्ठ कसा. पण एक गुपित सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं तोंड बघायला फुरसत नसते. सगळं लक्ष स्वतःच्या तोंडावर असतं.

संध्याकाळी मगदूम मावशी आणि रणजित भेटायला आले. लॉजची स्वतःची बोअर होती, पण तिथेही पाणी मोजून. माणशी सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. रणजित मला बाजूला घेऊन म्हणाला, "भालचंद्र, आईनं आज सकाळी तिसरी बादली मागितली. मॅनेजरशी भांडण करून घेतली. जरा सांभाळून घे, तिला पाण्याशिवाय करमत नाही."

मी मान डोलावली. नदीकाठचे लोक, मी मनात म्हटलं.

मावशी त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. एकदाच आईला म्हणाल्या, "ते तुमचे आबा... येणार आहेत ना लग्नाला?"

माझ्या हातातला चहाचा कप बशीत वाजला. त्याच वेळी अण्णांना ठसका लागला, आत्या उठून देवासमोर गेली आणि ताईने पंख्याचं बटण दाबलं. पंखा चालूच होता, तो बंद पडला.

"बघू," आई म्हणाली. "वय झालंय ना आता त्यांचं."

"हो," मावशी म्हणाल्या. "वय झालंय."

ते गेल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. "भालू, भावकीत सगळे बरे आहेत ना?"

"ठणठणीत."

"नक्की?"

"तुला कुणी काही बोललं का?"

"छे. मला कोण काय बोलणार?" ती म्हणाली आणि बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तिचा अंबाडा गार लागत होता. मी म्हटलं, नवरीला असं होत असावं.

बुधवारी चार वाजता वाजंत्री वाजत आली. पुढे मगदूम मावशी, हातात झाकलेलं ताट, त्यात रणजितला लावून उरलेली हळद. मागे त्यांच्या सात-आठ बायका. ओटा, परस, गल्ली, सगळीकडे माणसं. मी दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. हळद लागली की पुढे कुणाच्या बापाला लग्न थांबवता येणार नव्हतं. ताई पाटावर बसली. तिच्या गालाला, हातांना, पायांना हळद लागली. बायका गाणी म्हणत होत्या, मुलं एकमेकांच्या शर्टाला पिवळे हात पुसत होती, आणि ताई हसत होती. ते बघून मला वाटलं, आबा, तुमच्या जाण्याचं कुणाला कळलं नाही, पण वाया गेलं नाही.

"आणा पाणी," आत्या म्हणाली.

अण्णा ऐटीत पिंपाकडे गेले. फडकं सोडलं. आत तांब्या घातला.

तांब्या तळाला लागल्याचा आवाज आला.

अण्णांनी आत वाकून बघितलं. मग सरळ झाले. मग परत वाकले. मीही वाकलो. तळाला चार बोटं पाणी होतं आणि त्यात अण्णांचं आणि माझं तोंड शेजारी शेजारी दिसत होतं.

"आटलं," अण्णा म्हणाले. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस.

मी अठरा घेतले होते. शंभर वजा अठरा. बाकीचे गेले कुठे? मी आईकडे बघितलं. आई आत्याकडे बघत होती. आत्या तुळशीकडे. गाणी थांबली. मगदूम मावशी पुढे आल्या, म्हणाल्या, "काय झालं? पाणी नाही?" आणि त्यांच्यामागे रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या सात-आठ बायका उभ्या राहिल्या. आता ताईचं 'दोनदा' उघडं पडणार होतं, आणि मग 'समजून घेणं' सुरू होणार होतं. 

तेवढ्यात गल्लीत टेंपो थांबला. मागची फळी पडली. आणि टेंपोतून सोपानआबा उतरले.

पांढरंशुभ्र धोतर, नवा फेटा, अंग असं लखलखीत की पितळेची समई घासून ठेवावी. चंदनाचा वास आधी आला, आबा नंतर.

मी किंचाळलो. त्यात विशेष काही नाही. मला माहीत होतं. विशेष हे की अण्णाही किंचाळले. आईच्या हातातलं हळदीचं ताट खाली पडलं. आत्या "अगं आई गं" करत तुळशीमागे गेली. ताई पाटावरून ताडकन उठली आणि दोन्ही पिवळे हात तोंडावर ठेवून ओरडली. आणखी एक किंकाळी होती, सगळ्यांत मोठी, पण ती कुणाची ते त्या गोंधळात समजलं नाही.

आबा दारातच थांबले. आमच्या प्रत्येकाकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगाकडे बघितलं.

"काय रे," ते म्हणाले, "माणसानं शुक्रवार सोडून आंघोळ केली म्हणून एवढं?"

आबांनी धोतराचा सोगा झटकला.

"पोरीच्या लग्नाला आंघोळ करून या म्हणल्या होत्या विहीणबाई. म्हणून मंगळवारीच करून टाकली. आता हात पुरत नाहीत पाठीपर्यंत, तर नातवांनी दारात पाटावर बसवलं, दोन्हीकडून धरलं, गरम पाणी घातलं. इतकं बरं वाटलं की मला तिथंच डुलकी लागली. मग, तुम्हाला काय वाटलं?"

"आबा," अण्णा म्हणाले.  "आम्हाला... म्हणजे मला... कळलं होतं की तुम्ही..."

"तुम्हाला पण?" आई म्हणाली.

"तुला पण?" आत्या तुळशीमागून म्हणाली.

ताई माझ्याकडे बघत होती. "ठणठणीत," ती म्हणाली. "गाढवा."

"तू मला 'नक्की?' म्हणून कशाला विचारत होतीस?"

"मला बघायचं होतं तुला कळलंय का!"

"कुणी सांगितलं पण तुम्हाला हे?" आबांनी विचारलं.

"मच्छिंद्रने," आम्ही पाचही जण एकदम म्हणालो. "फक्त मला."

"मच्छिंद्रनं," आमच्या मागून सहावा आवाज आला.

आम्ही वळलो. मगदूम मावशी हळदीच्या सड्यात उभ्या होत्या, आणि आपण बोललो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला. तेव्हा मला समजलं की ती सगळ्यांत मोठी किंकाळी कुणाची होती.

वाजंत्रीवाल्याने सनई काखेत घेतली.

"तुम्हाला माहीत होतं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मावशींनी विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली. शाळेत मुलं त्यांच्यापुढे घालत तशी. "हो," ते म्हणाले. "सुतक होतं आणि आम्ही ते लपवलं. तुमच्यापासून. एकमेकांपासून पण. आता तुम्ही काय म्हणाल ते..."

माझ्या शेजारी ताई उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हळदीचा ठसा चार दिवस राहिला.

"मी काय म्हणणार?" मावशी म्हणाल्या. "लॉजवर दूध घालताना तो म्हणाला, फक्त तुम्हाला सांगतो. मी म्हटलं, झालं. आता हे लोक लग्न पुढं ढकलणार. आणि मी तर फोनवर बोलून बसलेली, परत कळवू नका म्हणून. रागात बोलले ओ. बोलले आणि त्या दिवसापासनं झोप नाही मला. पोरगं जहाजावरनं फोन करतं तेव्हा दुसरं काही बोलत नाही, सारिका काय म्हणाली आणि सारिका कशी हसली. म्हटलं, यांना कळू नये देवा. दोन दिवस तरी कळू नये. काल तुमच्या घरी आले ते तुमची तोंडं बघायलाच."

"आणि तिसरी बादली?" मी विचारलं. ते विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

 मावशी आबांकडे वळल्या.

"मला काही सुतक लागत नव्हतं," त्या म्हणाल्या. "लग्न लागलेलं नाही, मी कोण तुमची? तरी लुगड्यासकट डोक्यावरनं पाणी घेतलं. म्हटलं, भांडायला का होईना, आपलंच माणूस होतं."

ताईच्या हाताची पकड सैल झाली. आई रडायला लागली, आत्या तुळशीमागून बाहेर आली, अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. आबा मात्र बोटं मोजत होते.

"म्हणजे सहा जणांनी माझ्या नावानं आंघोळ केली?"

"हो, आबा."

"बादली-बादली?"

"हो."

"एवढ्या पाण्यात मी दीड महिना काढला असता," आबा म्हणाले. ते खरं होतं. अण्णांनी मनात गुणाकार करून मान डोलावली.

"ते राहू द्या," मावशी म्हणाल्या. "पोरगी हळद लावून उभी आहे. भालचंद्र, स्कूटर काढ. लॉजवर जा आणि माझी संध्याकाळची बादली घेऊन ये."

मी गेलो नाही, उडालो. लॉजच्या मॅनेजरने माझ्याकडे संशयाने बघितलं. "मगदूमबाईंना चौथी बादली मिळणार नाही."

"चौथी नाही, आजचीच संध्याकाळची आहे. त्या आज संध्याकाळी आंघोळ करणार नाहीत."

मॅनेजर खुर्चीतून उठला. "मगदूमबाई? आंघोळ करणार नाहीत?" त्याने आवाज खाली आणला. "बऱ्या आहेत ना त्या?"

"अगदी बऱ्या आहेत," मी म्हणालो. "आणि कृपा करून कुणाला काही सांगू नका."

बादली पायांमध्ये धरून, दहाच्या वेगाने, गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याला वाट देत मी घरी आलो. एक थेंब सांडला नाही. मला पाहताच वाजंत्रीवाल्याने सनई तोंडाला लावली आणि गल्लीतल्या पोरांनी अशी आरोळी ठोकली, की नवरदेवालासुद्धा दुसऱ्या दिवशी तशी मिळाली नाही. ताई पाटावर बसली. पहिला तांब्या आईने घालायचा असतो, पण आईने तो मगदूम मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो ताईच्या डोक्यावर हळूहळू ओतला. पिवळं पाणी तिच्या कपाळावरून, हसण्यावरून, हनुवटीवरून खाली गेलं.

"मावशी," ताई डोळे मिटूनच म्हणाली, "थोडं ठेवा ना तुम्हाला. रात्री तुम्ही कशा झोपाल?"

"गप बस," मावशी म्हणाल्या आणि दुसरा तांब्या ओतला. "एक आंघोळ चुकली म्हणून कुणी मरत नाही."

सगळा मांडव सोपानआबांकडे बघायला लागला.

आबांनी फेटा सारखा केला. "जास्त झाली म्हणून पण नाही," ते म्हणाले.